काळ्या घोडीच्या पोटी

ज्याला धीर धरणे जमत नाही, त्याने वाटाणे लावावेत. घोडी पाळू नये. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेलपुढे एका प्रयोगाअखेर 7,324 दाणे होते. त्यांपैकी 5,474 गोल निघाले, 1,850 सुरकुतलेले निघाले आणि तीनास एक हे प्रमाण आपोआप त्याच्या पदरात पडले. माझ्यापुढे एक घोडी आहे. ती सुमारे अकरा महिने गाभण राहते आणि बहुधा एकच शिंगरू देते. तीनास एक हे प्रमाण तिच्याकडून सिद्ध करून घ्यायचे ठरवले, तर तिचे आयुष्य पुरणार नाही आणि माझी सहनशक्ती तर त्याच्या कितीतरी आधी संपेल.

मला जाणून घ्यायचे होते ते फार नव्हते. घोडी काळी आहे हे आंधळ्यालाही दिसावे, पण ती आतून कोणती आहे, हा माझा प्रश्न होता. घोड्याचा मूळ रंग मुख्यतः दोन जनुके ठरवतात. अंगावर काळा रंग धरू द्यायचा की नाही, हे पहिले जनुक ठरवते. त्याची परवानगीची एक प्रत असली तरी भागते. दोन्ही प्रती नकाराच्या असतील, तर घोडा आयाळीपासून शेपटीपर्यंत तांबडा होतो. दुसरे जनुक हे घरभरचा पसारा दोन कपाटांत कोंबून दार लावणाऱ्या गृहिणीच्या स्वभावाचे आहे: ते सगळे काळेपण आयाळ, शेपूट, पाय आणि कानांच्या कडा एवढ्यातच आवरते, आणि बाकीचे अंग तांबूस-तपकिरी मोकळे ठेवते. हा झाला कुमैत घोडा. माझी घोडी सर्वांगाने काळी, म्हणजे हे आवरणारे जनुक तिच्यात मुळीच नाही, इतके निश्चित होते. परवानगीच्या प्रती मात्र तिच्याकडे दोन आहेत, की एक परवानगीची आणि एक नकाराची, हे बाहेरून कळण्यास काहीच मार्ग नव्हता.

शास्त्रोक्त उपाय असा की अशी घोडी तांबड्या घोड्याला दाखवावी. त्याच्याकडे नकाराखेरीज देण्यासारखे काही नसते, त्यामुळे घोडीनेही नकारच दिला तर शिंगरू तांबडे होते आणि तिचे गुपित फुटते. तांबडे शिंगरू झाले नाही, तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. गुपित बाळगणाऱ्या घोडीलाही ओळीने पाच शिंगरे तांबडी न होण्याची शक्यता बत्तिसात एक उरतेच. म्हणजे पाच वर्षे पदरमोड करून हाती लागणार ती खात्री नव्हे, खात्रीसारखे काहीतरी.

तरीही घोडी दाखवली. शिंगरू झाले ते कुमैत. आवरणारे जनुक घोडीकडे नव्हतेच, तेव्हा ते तांबड्या घोड्याकडून आले असणार, हे उघड होते. वास्तविक तांबड्या घोड्याच्या अंगावर आवरण्यासारखे काळे काही नसल्यामुळे त्याच्याकडे हे जनुक आहे की नाही, हे त्याच्याकडे कितीही वेळ टक लावून पाहिले तरी समजत नाही. पुढच्या खेपेस त्याच घोड्यापासून काळे शिंगरू झाले, आणि त्याच्याकडे आवरणाऱ्या जनुकाची एकच प्रत आहे हेही सिद्ध झाले. थोडक्यात, माझ्या घोडीविषयी मी विचारलेल्या प्रश्नाला दोन्ही वेळा दुसऱ्याच्या घोड्याविषयी अचूक आणि सविस्तर उत्तर मिळाले. घोड्याच्या मालकाला मी ही माहिती विनामूल्य पुरवली. ती ऐकून तो म्हणाला, ''त्याचं जाऊ द्या हो, घोडा चालतो कसा ते बघा.''

शिंगरू जन्मले म्हणजे त्याचा रंग कळला, असे ज्यांना वाटते त्यांनी पहाटे कंदील घेऊन पागेत एकदा उभे राहून पाहावे. काळे म्हणून पुढे नावारूपाला आलेले आमचे शिंगरू जन्मतः उंदरासारखे राखाडी होते. कुमैत शिंगराचे पाय, जे नियमाने काळे हवेत, ते फिकट होते. जन्माची लव झडून खरे केस येईपर्यंत प्रत्येक पाहुणा वेगळा रंग सांगत होता, आणि आमच्या मोतद्दाराने तर त्या अवधीत आपले मत इतक्यांदा बदलले की शेवटी जो रंग ठरला, तो आपण प्रथमपासून सांगत होतो, असे त्याला प्रामाणिकपणे म्हणता आले.

या घोळातून मोठमोठी माणसेही सुटलेली नाहीत. 1906 च्या सुमारास इंग्लंडमधील चार्ल्स हर्स्ट याने थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्यांच्या वंशावळीच्या नोंदी चाळून असे मांडले की तांबडा घोडा आणि तांबडी घोडी यांची संतती तांबडीच होते. मेंडेलच्या नियमांवर विश्वास नसलेल्या वेल्डन या प्राध्यापकाने त्याच नोंदींत खोलवर बुडी मारून तांबड्या जोडप्यांच्या कुमैत संततीची उदाहरणे वर काढली. हे अपवाद घोड्यांचे नसून नोंदी करणाऱ्यांचे आहेत, असे हर्स्टच्या बाजूचे म्हणणे होते, आणि पुढे नियम खरा ठरला तो हर्स्टचाच. माझी सहानुभूती मात्र नोंद करणाऱ्या त्या अज्ञात कारकुनांकडे आहे. त्यांच्या हाती लव न झडलेले शिंगरू दिले असेल, आणि कागदावर रंगाचा रकाना रिकामा ठेवण्याची मुभा नसेल.

घरच्या मंडळींना या सूक्ष्म प्रश्नांत रस नव्हता; त्यांना पांढरा घोडा हवा होता. पांढरा दिसणारा घोडा बहुतेक वेळा जन्मतः रंगीत असतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. यामागचे जनुकीय कारण, डीएनएच्या सुमारे 4,600 अक्षरांच्या एका तुकड्याची दुबार झालेली नक्कल, 2008 साली सापडले. आई किंवा बाप यांपैकी एकाकडून ती आली तरी पुरे. अशा शिंगराच्या डोळ्यांभोवती लवकरच पांढऱ्या केसांचे कडे दिसू लागते, आणि मग आतला रंग कोणताही असो, काही वर्षांत त्याच्यावर चुना फिरतो. उतारवयात याच घोड्यांना शेपटीखाली काळ्या गाठी येण्याची प्रवृत्ती असते, हे मी घरी सांगून पाहिले. पण खरे कारण हेच होते की पांढरा घोडा आणला असता, तर माझ्या सगळ्या उत्तरांवर कायमचा बोळा फिरला असता.

अखेर केस प्रयोगशाळेत पाठवावेत असे ठरले. केस मुळासकट हवे असतात. कापलेला केस चालत नाही. मोतद्दाराने आयाळीतले केस बोटाला गुंडाळून हिसका दिला. घोडीने कान मागे टाकले, त्याच्या खांद्याकडे विचारपूर्वक पाहिले, आणि दुसऱ्या हिसक्याच्या आत तो कुडाच्या पलीकडे होता. केसांची मुळे, म्हणजे टोकाशी असलेले ते पांढुरके इवलेसे कण, मी भिंगाखाली तपासून लिफाफ्यात भरले.

उत्तर आले. घोडी एक नकार बाळगून होती, हे अपेक्षितच होते. शिवाय तिच्याकडे रंग फिकट करणाऱ्या, साईच्या रंगाच्या जनुकाची एक प्रत निघाली. हे जनुक तांबड्या घोड्याला सोनेरी पालोमिनो करते आणि काळ्या घोड्यावर त्याचा परिणाम जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे इतकी वर्षे ती सोने अंगात घेऊन कोळशासारखी वावरत होती. आता काळ्या शिंगराच्या अंगातही तेच दडले असण्याची शक्यता निम्मी आहे, म्हणजे त्याचेही केस उपटणे आले. त्याची आयाळ अजून बोटाला गुंडाळण्याइतकी लांब नाही, एवढाच काय तो दिलासा.

त्या रात्री मी सगळी गणिते मांडली. त्याच तांबड्या घोड्यापासून पुढचे शिंगरू सहा प्रकारचे होऊ शकते, आणि ते पालोमिनो होण्याची शक्यता एक चतुर्थांश आहे. सकाळी मोठ्या उत्साहाने मी मोतद्दाराला सांगितले की या खेपेस सोनेरीची शक्यता पाव आहे. तो बराच वेळ घोडीच्या पोटाकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ''पाव म्हणजे पुढचा की मागचा, साहेब?''

पुढचा, असे मी सांगून टाकले आहे.