नव्या संपादकांसाठी बाळंतविडा

डॉक्टर, सर्वप्रथम अभिनंदन! बालआरोग्याच्या जर्नलचं संपादकपद ही काही साधी गोष्ट नाही. आधीच्या संपादकांना खुर्चीतून उठवायला किती बैठका लागल्या, ते तुम्ही जाणताच. आता पहिल्या अंकात 'आमची पुढील वाटचाल' लिहायची वेळ आली आहे. ओळखीत कुणाचं बाळंतपण झालं की आपण रिकाम्या हाताने जात नाही, म्हणून हा बाळंतविडा घेऊन आलो. डिंकाचे लाडू नाहीत, चार सल्ले आहेत. गोड मानून घ्या.

वाटचालीच्या लेखात 'जागतिक दर्जा' तीनदा आणि 'बहुशाखीय' निदान दोनदा यायला हवं. 'मूल' एकदा आलं तरी चालेल, तेही शेवटच्या परिच्छेदात. शेजारी तुमचा फोटो, मागे पुस्तकांचं कपाट, गळ्यात स्टेथोस्कोप. (ओपीडी सोडून किती वर्षं झाली, ते फोटोत दिसत नाही.)

संपादक मंडळ लग्नपत्रिकेतल्या 'आपले विनीत'सारखं असावं. रुसेल असा एकही काका सुटता कामा नये. परदेशातले पाच-सहा प्राध्यापक घ्याच. ते छापायला आलेला एकही पेपर वाचणार नाहीत, पण नावं भारदस्त दिसतात. पेपर प्रत्यक्ष वाचणारी जी एक सहायक प्राध्यापिका असते, तिचं नाव यादीच्या तळाला, दोन लहान मुलांच्या 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं'च्या जागी.

आता मुद्द्याचं. आधी लगीन कोंढाण्याचं, आणि तुमचा कोंढाणा म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर, जर्नलचं वजन ठरवणारा आकडा. गणित चौथीच्या पोरालाही जमेल. मागच्या दोन वर्षांत तुम्ही छापलेल्या लेखांचा यंदा किती वेळा संदर्भ दिला गेला, ती संख्या वर. त्या दोन वर्षांत किती लेख छापले, ती खाली. १०० लेख, १५० संदर्भ, म्हणजे दीड. दीडचे तीन करायचे असतील तर संशोधन दुप्पट चांगलं छापायचं, हा एक मार्ग आहे. पण तो लांबचा, आणि तुमची मुदत तीनच वर्षांची.

जवळचा मार्ग असा, की खालचा आकडा कमी करा. अग्रलेख आणि वाचकांची पत्रं सहसा खालच्या आकड्यात धरत नाहीत, पण त्यांना मिळालेले संदर्भ वरच्या आकड्यात मिळतात. फुकटचा वरणभात! तेव्हा अग्रलेख भरपूर लिहा. लेखकांना स्वीकृतीच्या पत्रात सुचवा, 'आमच्या जर्नलमधले अलीकडचे काही लेख आपल्या नजरेतून सुटलेले दिसतात.' हुशार लेखकाला तेवढं कळतं. मात्र अति करू नका. स्वतःचेच संदर्भ प्रमाणाबाहेर गेल्याचं लक्षात आलं तर त्या वर्षी आकडाच मिळत नाही, आणि मग वार्षिक सभेत काय सांगाल?

केस रिपोर्ट, म्हणजे एकेका रुग्णाच्या नोंदी, तेवढे बंद करा. त्यांचे संदर्भ कोण देतो? कुठल्या तरी प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर रात्री कंदिलाशी बसून विंचू चावलेल्या पोरांच्या नोंदी लिहिणार आणि तुम्ही त्या छापणार? महाडचे डॉ. हिंमतराव बावस्करही असेच कोकणातले रुग्ण बघत नोंदी करत होते. १९८२ साली लॅन्सेट या नामांकित ब्रिटिश वैद्यकीय जर्नलने त्या छापल्या. लॅन्सेटला परवडतं हो, ते १८२३ पासून धंद्यात आहेत.

नकार देण्याचं तंत्रही घोटून ठेवा. समजा, उद्या असा पेपर आला: निर्वासितांची छावणी, कॉलऱ्याची साथ, सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. लेखकाने एक लिटर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा कालवला, पिंपं भरली आणि नातेवाइकांच्या हाती पेले देऊन 'पाजत राहा' म्हटलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. तुमची तपासयादी काय म्हणेल? तुलनेचा गट नाही. चिठ्ठ्या टाकून वाटणी नाही. मोजमाप नातेवाइकांच्या हाती. नावीन्य काय, तर मीठ-साखर-पाणी! तासाभरात परत पाठवा. 'आपला विषय महत्त्वाचा असला तरी आमच्या वाचकांच्या प्राधान्यक्रमात बसत नाही.'

हे १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावात डॉ. दिलीप महालनबीस यांनी केलं होतं. १९७३ साली ते जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय जर्नलमध्ये आलं. पुढे १९७८ साली लॅन्सेटच्या अग्रलेखाने या पाजण्याच्या उपचारामागच्या शोधाला शतकातली बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. म्हटलं असेल. पण पहिल्या दोन वर्षांत संदर्भ किती मिळाले, ते बोला!

पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरची चिंता नको. पेपर मोठ्या प्रोफेसरांना पाठवायचा, ते हाताखालच्या पीजी विद्यार्थ्याला देतात, पीजी नाईट ड्यूटीत 'मायनर रिव्हिजन' (किरकोळ दुरुस्त्या) लिहून टाकतो. मानधन शून्य, वर्षाअखेर प्रमाणपत्र. लेखकांच्या नावातही ढवळाढवळ करू नका. थिसिस पोरीने केली, नमुने तिने गोळा केले, पहिलं नाव विभागप्रमुखांचं, यात काय वावगं? त्यांची बढती अडली आहे, तिची अजून व्हायची आहे.

चुकून काही भलतं छापलं गेलंच, तर मागे घ्यायची घाई नको. बारा मुलांवरचा एक पेपर १९९८ साली लॅन्सेटमध्ये आला. त्यावरून गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि स्वमग्नता यांचं नातं जगभर चघळलं गेलं, आईबाप लस टाळू लागले. लॅन्सेटने तो पूर्णपणे मागे घेतला २०१० साली. बारा मुलं, बारा वर्षं. दर मुलामागे एक वर्ष, हिशोब चोख. शिवाय खोडून काढण्यासाठी दिलेला संदर्भही मोजताना संदर्भच धरला जातो. शिव्यांनाही मार्क असलेली ही एकमेव परीक्षा असावी.

राहिली फी. लेखकाकडून घ्यायची छापण्याची फी डॉलरमध्ये ठेवा, दर्जा वाटतो. गरीब देशांना माफी द्या; जागतिक बँकेच्या यादीत भारत सर्वांत खालच्या गटात नाही, म्हणजे गडचिरोली आपोआप वगळली जाते. मुखपृष्ठावर गुटगुटीत, निळ्या डोळ्यांचं बाळ घ्या. आपल्याकडचं बाळ घेतलं की आईबापांची परवानगी मागा, मूल सात वर्षांच्या पुढचं असेल तर त्यालाही विचारा, नसता ताप.

वाचक हा प्रकार शक्यतो टाळावा, पण एखादा येतोच. आरोग्य केंद्रातून कुणी तरुण वैद्यकीय अधिकारी ईमेल करेल: 'सर, मागच्या अंकातल्या औषधाचा डोस सारांशात दिलेला नाही, पूर्ण लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. सात किलोचं बाळ समोर आहे. किती मिली द्यायचं?' गडबडून जाऊ नका. पत्रव्यवहाराच्या नियमांनुसार त्याला क्रमांक द्या, मजकूर २५० शब्दांत बसवायला सांगा, हितसंबंधांचं घोषणापत्र मागवा आणि विषय मंडळापुढे ठेवा. सहा आठवड्यांत उत्तर जाईल. तोवर बाळाचं वजन बदललेलं असेल. नवा आकडा घालून पुन्हा पाठवायला सांगा.