दाढ काढली, अँटिबायोटिक दिलंच नाही, आणि माझं डोकं फिरलं

गेल्या महिन्यात खालची अक्कलदाढ काढून घेतली. आडवीतिडवी नव्हती, सरळच होती, पण किडून अर्धी तुटलेली. वीसेक मिनिटांत काम झालं, मॅडमनी गॉज चावायला दिला, अर्धा तास घट्ट दाबून धरा म्हणाल्या, आणि चिठ्ठीवर फक्त आयबुप्रोफेन नि पॅरासिटामॉल. गॉज चावतच विचारलं, "अँहिबायोहिक?" तर म्हणाल्या गरज नाही. खरं सांगतो, मला फसवल्यासारखं वाटलं. दाढ काढली की पाच दिवसांचा कोर्स, हे डोक्यात इतकं फिट बसलेलं असतं की तो नाही मिळाला तर ट्रीटमेंट अर्धवट झाल्यासारखी वाटते.

घरी ताई तयारच. तिच्या सायनसच्या वेळची अमॉक्सिसिलिनची स्ट्रिप, सहा कॅप्सूल उरलेल्या, माझ्या हातात दिली आणि म्हणाली घे गुपचूप, डॉक्टरला काय कळतंय. (कोर्स पूर्ण घेतला असता तर उरल्या कशा, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.)

तिसऱ्या दिवशी सकाळी गाल टम्म. मोबाईलचा टॉर्च लावून आरशात बघितलं तर खड्ड्यात पांढरट पिवळा थर. झालं, पू! लगेच फोन. मॅडम म्हणाल्या ताप आहे का, घाण चव येते का, गिळता येतंय का. ताप नाही, चव ठीक, गिळतोय. मग शांत राहा, दोन-तीन दिवस सूज वाढतेच, नंतर उतरते, आणि तो थर म्हणजे जखम भरून यायला लागल्याची खूण आहे, खरवडू नका. मी खरवडायच्याच बेतात होतो.

चौथ्या दिवशी मात्र जो ठणका सुरू झाला, बाप रे, थेट कानापर्यंत. गोळ्यांनी काहीच फरक नाही. स्ट्रिप समोर, मी तिच्याकडे बघतोय, ती माझ्याकडे. शेवटी क्लिनिक गाठलं, मनात एकच, बघा, दिलं असतं अँटिबायोटिक तर!

मॅडमनी आत बघितलं आणि पहिला प्रश्न, "सिगरेट ओढलीत?" दुसऱ्याच दिवशी एक ओढली होती. एकच. तर झालं असं होतं की खड्ड्यात जी रक्ताची गुठळी बसायला हवी, जी खालच्या हाडावर झाकणासारखी असते, ती निघून गेली आणि हाड उघडं पडलं. ड्राय सॉकेट. यात पू नसतो, ताप नसतो, हे इन्फेक्शन नाहीच, त्यामुळे कॅप्सूल गिळून हा ठणका थांबला नसता. सलाईनने खड्डा धुतला, औषध लावलेली पट्टी आत भरली, लवंगेच्या तेलाचा वास आला (त्यात युजेनॉल असतं, दुखणं बधिर करणारं), आणि अर्ध्या तासात मी माणसात आलो. दोन दिवसांनी पट्टी बदलली, बस.

मग मी जरा वाचायला बसलो, कारण हरल्यावर आपल्याला अभ्यास सुचतो. 2021 च्या कोक्रेन रिव्ह्यूत (म्हणजे आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या अहवालात) दिसतं की निरोगी लोकांच्या दाढा काढताना अँटिबायोटिक दिलं तर इन्फेक्शन कमी होतं, म्हणजे अगदी उपयोगच नाही असं नाही, पण एक इन्फेक्शन टाळायला साधारण 19 जणांना गोळ्या द्याव्या लागतात, आणि त्यातले बहुतेक अभ्यास अक्कलदाढेचेच आहेत. उरलेल्या अठरा जणांना फायदा काहीच नाही, पण जुलाब, अ‍ॅलर्जी, पोटाची वाट लागण्याचा धोका सगळ्यांनाच. शिवाय रेझिस्टन्स, म्हणजे जंतूंनी औषधाला दाद न देणं, आहेच, 2019 मध्ये जगभरात साधारण 12.7 लाख मृत्यू थेट त्याच्यामुळे झाले असा अंदाज आहे. मला वाटतं आपण अँटिबायोटिक मागतो ते इन्फेक्शनसाठी नाही, धीर वाटावा म्हणून मागतो, आणि डॉक्टरही कधीकधी वाद नको म्हणून लिहून देतात. माझ्या मॅडमनी वाद घातला, तेव्हा राग आला होता.

पण याचा अर्थ कुणीच घेऊ नये असा अजिबात काढू नका. हृदयात कृत्रिम झडप बसवलेली असेल किंवा आधी एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या अस्तराचं इन्फेक्शन) होऊन गेला असेल तर दाढ काढायच्या आधीच डोस लागतो, नंतरचा कोर्स नव्हे. शुगर हाताबाहेर असेल, केमो चालू असेल, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून बिस्फॉस्फोनेट घेत असाल तर खुर्चीत बसायच्या आधी सांगा, लपवू नका. आणि तीन दिवसांनंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढतेय, ताप येतोय, पू येतोय, तोंड उघडेना, तर त्याच दिवशी डॉक्टर. गिळता येत नाही, जिभेखाली किंवा गळ्याला सूज, श्वास अडकतोय, तर सकाळची वाट बघायची नाही, सरळ इमर्जन्सी. इथे अँटिबायोटिक हवंच, पू साचला असेल तर आधी काढायलाही हवा, नुसत्या गोळीने तो जात नाही.

ताईने काल स्ट्रिप परत मागितली, तिच्या मैत्रिणीची दाढ दुखतेय म्हणे. मी दिली नाही. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाहीये.