‘निषिद्ध टाका’ कोणी निषिद्ध केला?

पारशी गाऱ्याचा, म्हणजे चिनी भरतकामाच्या पारशी साडीचा, सुंदर फोटो आणि खाली मजकूर: ‘यातला खाखा टाका इतका बारीक, की तो घालता घालता चीनमधल्या बायका आंधळ्या होत. शेवटी सम्राटाने त्यावर बंदी घातली. म्हणूनच हा निषिद्ध टाका. आता ही कला लुप्त झाली आहे.’ हा मजकूर पुन्हा पुन्हा फिरत येतो आणि गारे विकणारेही तोच ऐकवतात. खाखा म्हणजे रेशमाच्या छोट्या गाठींचा टाका. मला गारा फार प्रिय आहे, म्हणूनच सांगते, यातलं काहीही टिकत नाही.

आधी बंदीचं बघू. चीनच्या छिंग राजवटीत कपड्यांवर कडक बंधनं होती, हे खरं. १७५९ साली छ्येनलुंग सम्राटाच्या काळात दरबारी पोशाखाची सचित्र नियमावली तयार झाली. झळझळीत पिवळा रंग कोणाचा, पाच नखांचा ड्रॅगन कोणाच्या अंगावर, कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या छातीवर कोणता पक्षी, हे सगळं तिने ठरवून दिलं. बंधनं होती ती रंग, नक्षी आणि हुद्दा यांच्यावर. आणि अधिकाऱ्यांच्या छातीवरचे हुद्दा दाखवणारे कापडी चौकोन पाहिलेत, तर त्यातले कित्येक नेमक्या याच गाठींनी भरलेले दिसतात. सम्राटासमोर जाणारा माणूस बंदी असलेला टाका छातीवर मिरवत कसा गेला असता?

दुसरा पुरावा शेन शौचा. चीनमधल्या सूचौ शहरातली ही थोर भरतकाम करणारी. १९०४ साली राजमाता त्सशीच्या सत्तरीनिमित्त तिचं काम दरबारात गेलं, राजमातेने खूश होऊन ‘शौ’ हे अक्षर लिहून दिलं आणि तिने ते नाव म्हणून घेतलं. पुढे आजारपणात तिने आपली सगळी विद्या तोंडी सांगितली, उद्योजक चांग च्येन यांनी ती लिहून घेतली आणि १९१९ मध्ये पुस्तक निघालं. त्यात १८ टाके आहेत. गाठीचा टाका त्यांतलाच एक, बाकीच्यांसारखाच शिकवलेला.

आता आंधळेपणा. सुई कापडातून वर काढायची, रेशीम कापडालगत सुईला एकदा गुंडाळायचं, सुई पहिल्या छिद्राला लागूनच खाली घालायची आणि वेटोळं बोटाने दाबून घट्ट बसवायचं. मधे इवलंसं भोक असलेली गोल कडी तयार होते. शाळेत शिवणाच्या तासाला शिकवतात त्या फ्रेंच नॉटच्या जवळचाच हा प्रकार. अशा कड्या शेजारी शेजारी मांडत, ओळीओळीने रंगाची छटा बदलत पाकळी भरायची. खरी परीक्षा सारखेपणाची असते. हाताचा ताण एकदा सुटला, की तेवढीच कडी ढोबळ होऊन डोळ्यांत खुपते. टाका टिकाऊही आहे. लांब टाक्यांचं रेशीम कशात तरी अडकून उसवतं, गाठ तशी अडकत नाही. म्हणून बटवे, पंख्यांच्या पिशव्या, जोडे अशा रोज हाताळायच्या वस्तूंवर तो भरपूर दिसतो.

डोळ्यांवर ताण येतोच, कोणत्याही बारीक भरतकामाने येतो. पण गाठ हा काही सर्वांत बारीक टाका नव्हे. सूचौमध्ये मांजराची लव किंवा सोनमाशाची शेपटी भरताना रेशमाचा एक धागा सोडवून त्याचा सोळावा भाग, कधी त्याहूनही बारीक तंतू सुईत ओवतात. डोळ्यांसाठीच बंदी घालायची, तर ती आधी यावर आली असती. तब्येत सांभाळून काम कसं करावं, यासाठी शेन शौच्या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे. कारागीर बायका आपली काळजी जाणत होत्या. या मजकुरात मात्र त्या नुसत्या बिचाऱ्या ठरतात, त्यांचं कसब कुठेच दिसत नाही, आणि मला राग येतो तो याचा.

शिवाय सगळ्या बायकाच होत्या, हेही खरं नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी ज्या कॅन्टनमधून, म्हणजे आजच्या क्वांगचौमधून, हे कापड आणत, तिथे निर्यातीच्या मालावर भरतकाम करणाऱ्यांत पुरुष कारागीर मोठ्या संख्येने होते.

लुप्त झाल्याचं तर सोडूनच द्या. सूचौ, हूनान, क्वांगतुंग आणि सिचुआन इथली चारही भरतकामं २००६ साली चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारसा यादीत आली, आणि ती रोज चालू आहेत. चीनमधल्या क्वेइचौ प्रांताच्या डोंगरातल्या म्याओ जमातीच्या बायका बाळाच्या झोळीवर आणि बाह्यांवर याच गाठी घालतात. मुंबईतही नवे गारे भरले जातात, खाख्यासकट.