बोट लागली

मला सगळं लागतं. लाल डबा लागतो, घाट लागतो, बागेतला झोपाळा लागतो. एकदा तर मेहुणीच्या बाळाला पाळण्यात झोके देताना बाळ खुशाल झोपलं आणि मी मोरीकडे धावलो. तेव्हा इंग्लंडात मिडल्सब्रोला लेकीकडे गेल्यावर जावई जेव्हा म्हणाले, "बाबा, शनिवारी व्हिटबीहून हार्टलपूलला शिडाच्या बोटीनं जाऊ, जेमतेम 24 सागरी मैल," तेव्हा मी मदतीच्या आशेनं हिच्याकडे बघितलं.

"अहो, नारळी पौर्णिमा व्हायचीय अजून," ही म्हणाली. "त्याआधी कोळीसुद्धा होडी काढत नाहीत."

बायकोचं म्हणणं मला मनापासून पटल्याचे प्रसंग थोडे. हा त्यातला. पण जावयाला 'नाही' म्हणायची आपल्याकडे रीत नाही, आणि त्यांनी माझ्या मापाचं लाइफजॅकेटही आणून ठेवलं होतं.

व्हिटबीच्या बंदरातला पूल भरतीच्या सुमाराला बाजूला सरकतो आणि आतल्या बोटींना वाट देतो. आमच्यासाठीही तो सरकला. पुलावर खोळंबलेली माणसं हात हलवत होती. मीही हलवला. त्या दिवशी माझा जो अवयव मी स्वतःहून हलवला, असा तो शेवटचा.

बाहेर पडल्यावर कळलं की वारा नेमका हार्टलपूलकडूनच येतोय. शिडाच्या बोटीला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. थोडं डावीकडे तिरकं जायचं, मग वळून थोडं उजवीकडे. मी जन्मभर नाकासमोर चाललेला माणूस. मला नागमोडी जाणाऱ्या वाहनात बसवलं होतं. बोल्बीचा कडा म्हणजे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचा सगळ्यांत उंच कडा. तो मी तीनदा पाहिला. दोनदा डोळे उघडून. प्रत्येक वळणाला जावई "बाबा, डोकं!" असं ओरडत, शिडाखालचा तो आडवा दांडा माझ्या टकलावरून सुसाट पलीकडे जाई, आणि बोट उताणी होता होता दुसऱ्या कुशीवर पडे. हिनं आवळासुपारीची डबी उघडून माझ्यापुढे धरली. मी तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं की तिनं ती मिटून पर्समध्ये ठेवली.

"बाबा, क्षितिजाकडे बघा, बरं वाटेल."

बघितलं. क्षितिजालाही बोट लागली होती.

मग जे व्हायचं ते झालं. तपशील देत नाही. एवढंच सांगतो की ते वाऱ्याच्या कुठल्या बाजूला वाकून करायचं याचं एक शास्त्र आहे, आणि ते मला आधी सांगायला हवं होतं.

रेडकारच्या पवनचक्क्या मागे पडल्या, हार्टलपूल दिसायला लागलं, आणि जावयांनी शिडं उतरवली. का? तर आत जायच्या वाटेवर लॉक, म्हणजे पाणी अडवणारे दरवाजे आहेत, ओहोटीत तिथं पाणी पुरत नाही, आणि आत्ता ओहोटी होती. थांबायचं. गिरगावातल्या चाळीत पाणी यायची वाट बघण्यात माझं बालपण गेलं. पण चहूकडे पाणी असताना "पाणी कधी येणार?" असं विचारायची वेळ या वयात येईल असं वाटलं नव्हतं. चाळ निदान हलत नव्हती.

त्या तासाभरात मी एकाच गोष्टीवर नजर रोवून बसलो: गावाच्या मागे उभ्या असलेल्या तीन उंच डोलकाठ्या. आख्ख्या जगात तेवढंच काय ते स्थिर होतं.

"ती ट्रिंकोमाली," जावई म्हणाले. "जुनी फ्रिगेट, शिडाचं लढाऊ जहाज. तुमच्या मुंबईची आहे."

मला वाटलं, माझी समजूत घालतायत.

पण खरंच. 1817 साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांनी ती बांधली, मलबारच्या सागवानात. नेपोलियनशी लढता लढता इंग्रजांकडे ओकचं लाकूड कमी पडलं होतं. त्या गोदीच्या लायन गेटसमोर मी 31 वर्षं बसची वाट बघत उभा होतो, आणि भिंतीपलीकडे काय काय घडून गेलं याची मला गंधवार्ता नव्हती.

संध्याकाळी जमीन थोडी डुलायची थांबल्यावर आम्ही ती बघायला गेलो. नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला, पागोटं घातलेल्या माणसाचा पुतळा. ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं. आणि तिची कुळकथा ऐकली तेव्हा तर पक्कं कळलं, ही आपल्याच ऑफिसातली. ती बांधायचे नकाशे इंग्लंडहून पाठवले ते 'जावा' नावाच्या जहाजातून. 1812 मध्ये अमेरिकनांनी ते जहाजच संपवलं. म्हणजे फाइल गहाळ. नवी फाइल येईपर्यंत काम ठप्प. मग 23,000 पौंड खर्चून जहाज तयार झालं, 1819 मध्ये पोर्ट्समथला हजर झालं, तर लढाई केव्हाच आटोपलेली. 1845 पर्यंत राखीव! सव्वीस वर्षं हजेरीपटावर नाव आणि टेबलावर काम नाही. असे दोघे आमच्या सेक्शनला होते, पण त्यांना एवढं रंगवून ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

तिथल्या गाइडबाई अभिमानानं म्हणाल्या की अजून तरंगणारं हे सगळ्यांत जुनं ब्रिटिश लढाऊ जहाज. अ‍ॅडमिरल नेल्सनचं जहाज व्हिक्टरी हिच्याहून जुनं, पण ते कोरड्या गोदीत बसलंय. मला व्हिक्टरी जास्त शहाणी वाटली. "तरंगणारं" हा शब्द ऐकताच मी कठडा घट्ट धरला होता.

मग बाईंनी सांगितलं की जहाजाचा कणा बसवताना पारशी रिवाजाप्रमाणे वाडियांनी त्यात चांदीचा खिळा ठोकला होता, जहाजाचं भलं व्हावं म्हणून.

मी हिच्यासाठी भाषांतर केलं. चूक केली.

"बघा!" हिचा आवाज खालच्या मजल्यावरच्या तोफांपर्यंत गेला असेल. "एवढा मोठा कारागीर, पण त्यानं चांदीचा खिळा ठोकला. दोनशे वर्षं टिकलंय. आणि आपण साधा नारळ नाही फोडला!"

जावयांनी मान खाली घातली. रात्री ते जवळच्या दुकानात जाऊन आले. नारळ नव्हता, नारळाच्या दुधाचा डबा मिळाला. सकाळी हिनं बोटीच्या नाळेला हळद-कुंकू लावलं, डबा टेकवला आणि हात जोडले. फोडायला ओपनर नव्हता.

"आज वारा पाठीमागून आहे, बाबा," जावई म्हणाले. "झुळझुळ जाऊ."

मी खिशातून मिडल्सब्रोचं रेल्वेचं तिकीट काढून त्यांना दाखवलं. एकच काढलं होतं. ही बोटीत जाऊन बसली होती आणि आवळासुपारी चघळत मला हात हलवत होती.