पावणेचार किलो

आज दुपारी रविवार पेठेत जाऊन आजीची पितळी घागर मोडीत घालून आले आणि घरी येऊन चपला काढतेय तोच मैत्रिणीचा फोन. (नाव घेत नाही, ती इथे आहे, वाचेलच, आणि वाचावंच.) तिला म्हटलं अगं आज घागर दिली, कसंतरीच होतंय. तर म्हणते, कसंतरी वगैरे काही नाही हं, डोळे मिट, घागरीला मनातल्या मनात थँक यू म्हण, हसून निरोप दे, जागा मोकळी झाली की तिथे पॉझिटिव्ह एनर्जी येते. मी फोन ठेवला. तेव्हापासून जे डोकं तापलंय ते चहा झाला, दिवाबत्ती झाली, कुकर लावून झाला तरी उतरत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोथरूडची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीये, दसऱ्याच्या आत घर रिकामं करायचंय. बाकी सगळे बिल्डर देतोय त्या भाड्यात आसपास टू बीएचके शोधतायत आणि आम्ही दोघांनी, म्हणजे आधी नवऱ्याने आणि मग दोन महिने भांडून मी, ठरवलं की मधली वर्षं चाकांवरच्या घरात काढायची. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, भोसरीत एकाकडून आतलं सगळं करून घेतलं, ओटा, पलंग, एवढंसं संडास-बाथरूम, वर सोलर. आत धरून धरून ७५ चौरस फूट. आत्ताचं घर ७८०. व्हिडिओत बघता ती अमेरिकेतली घरं ट्रेलरवर बांधलेली असतात, साडेआठ फूट रुंद, कारण त्याहून रुंद झालं की तिकडे रस्त्यावरून ओढून न्यायला वेगळा परवाना लागतो, आत लाकडी जिना, माळ्यावर गादी, खिडकीत तुळस नाही पण तसलंच काहीतरी. आपल्याकडे गाडीत मनासारखा बदल करायचा म्हटलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ समोर येतं. नवऱ्याने कागदपत्रांसाठी आरटीओत इतक्या चकरा मारल्या की तिथला चहावाला त्याला काका म्हणायला लागलाय. २०२१ ला राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं म्हणे, चांगलंय, पण ते फिरायला जाणाऱ्यांसाठी, राहायला जाणाऱ्यांनी गॅसच्या कार्डावर पत्ता कुठला लिहायचा ते त्यात कोण सांगणार.

तर घागर.

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मग खडकवासल्याचं, हे पुण्यात कोणाला सांगायची गरज नाही. आईचं माहेर नारायण पेठेत, नदीच्या अंगाला, मातीच्या भिंतींचा वाडा. आई तेव्हा १८ वर्षांची. आजी, आई आणि दोन धाकटे मामा अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीच्या बाजूला पळाले. पाणी उतरल्यावर परत आले तर वाड्याची मागची भिंत बसलेली आणि सगळीकडे चिखल, नुसता चिखल. त्या चिखलातून घागरीचा काठ वर दिसत होता. आजीचं नाव घातलेली, खाली १९४८. पोटाला एक मोठा पोचा आलेला. बाकी भांडी, ट्रंका, आजोबांच्या वह्या, देव, काही म्हणजे काही हाती लागलं नाही. घागर तेवढी मिळाली.

तो पोचा आईने शेवटपर्यंत काढू दिला नाही. तांबट आळीत कोणीही पाच मिनिटांत ठोकून सरळ करून दिला असता. लहानपणी मी त्यात मूठ घालून बसायचे, बरोब्बर मावायची.

आज दुकानदाराने घागर फिरवून बघितली, नाव मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, ताई पोचा आहे, पण मोडीला काही फरक पडत नाही, वजनावरच जातं. पावणेचार किलो भरली. चांगला माणूस होता हो, काटा नीट दाखवला, पाणी विचारलं. पण नाव वाचल्यावर मला वाटलं होतं काहीतरी विचारेल. आणि त्याने कशाला विचारावं, दिवसाला अशी किती नावं वाचत असेल तो.

आता मला सांगा ह्याला हसून निरोप कसा द्यायचा.

सोडायला माझी ना नाहीये. गेल्या चार महिन्यांत काय काय सोडलं विचारा. ५१ साड्या, दोन ट्रंका पुस्तकं, पाटा-वरवंटा, मुलीची शाळेतली ढाल, लग्नातलं डिनर सेट जे ३० वर्षांत दोनदा वापरलं. जमतंय मला. रडत जमतंय, चिडत जमतंय, पण जमतंय. फक्त ते हसत हसत कर असं मला कोणी सांगू नका. ही जी नवीन पद्धत आलीये ना की दुःख झालं म्हणजे तुझंच काहीतरी चुकतंय, तू अजून पुरेशी पॉझिटिव्ह नाहीस, त्याचा मला मनापासून वीट आलाय. सुतक असतं ना आपल्यात? दहा दिवस कोणी म्हणत नाही की चला आता हसा. घरातल्या वस्तूंना एक दिवसाचं तरी सुतक पाळू द्या की बाई.

आणि 'पसारा' हा शब्द. मैत्रीण म्हणाली तुझ्या आईला पण पसाऱ्याची सवय होती, ते ब्लॉकेज तुझ्यात आलंय. ब्लॉकेज! आईच्या घरी धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या होत्या, रबरबँडचा गोळा होता, श्रीखंडाचे डबे एकात एक घातलेले, चिंध्यांचं गाठोडं, सगळं होतं. पण ज्या बाईने अठराव्या वर्षी एका सकाळीत सगळं घर जाताना बघितलंय, जी नंतर गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत आठ माणसांत एका खोलीत राहिलीये, ती डबा टाकेल? तिच्या घरातला पसारा म्हणजे पानशेतचं पाणी होतं, ते ओसरायला ५० वर्षं लागली. आणि त्या एका खोलीला तेव्हा कोणी टायनी होम म्हटलं नाही, माइंडफुल लिव्हिंग म्हटलं नाही. लोक 'बिचारे' म्हणायचे.

ह्याच रागात अजून एक. चाकांवरचं घर म्हणजे फॉरेनचं फॅड असं आमच्या चुलत दिरांचं मत आहे, फॅमिली ग्रुपवर त्यांनी 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' असं टाकून खाली चार स्मायली टाकल्या. अहो भावजी, रस्त्याच्या कडेला कढया आणि कोयते विकायला बसायचे ते गाडीलोहार कधी बघितले नाहीत का, बैलगाडी हेच घर. ऊसतोडीला दिवाळीच्या सुमारास निघणारी जोडपी, एका जोडप्याला 'एक कोयता' म्हणतात, माणसं पण नाही म्हणत, सगळा संसार ट्रॅक्टरमागे घालून निघतात आणि फडाच्या कडेला पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी, करून राहतात. त्यांच्या घराचा कोणी व्हिडिओ काढून खाली बासरीचं म्युझिक लावत नाही. आमचं कौतुक होतंय कारण आमच्याकडे परत यायला फ्लॅट आहे. हे मला कळतं. कोणी कमेंटमध्ये लिहायच्या आत मीच लिहिते, तीन वर्षांनी लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये नवी चावी मिळणार असेल तर ७५ फुटात राहण्यात फार मोठं धाडस नाहीये.

जेवून आले. जरा शांत वाटतंय.

खरं सांगायचं तर श्रावणात आम्ही नऊ दिवस ट्रायल म्हणून मुळशीला भाच्याच्या प्लॉटवर गाडी लावून राहिलो तेव्हा मला छान वाटलं होतं. हे मी घरात अजून मोठ्याने कबूल केलेलं नाही. टपावर पाऊस असा वाजायचा की बोलणंच ऐकू यायचं नाही, मग गप्प बसायचो दोघं, ३२ वर्षांत पहिल्यांदा न भांडता गप्प. टाकी ८० लिटरची. नळ सोडला की पंप घुर्रर्र करतो आणि तो आवाज ऐकला की हात आपोआप नळ बंद करायला जातो. तिसऱ्या दिवशी मी पाव बादलीत अंघोळ करायला शिकले, पाचव्या दिवशी तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांड्यांचा पहिला हात मारायला. दात घासताना, कप विसळताना, प्रत्येक वेळी पाण्याकडे लक्ष. ह्यालाच माइंडफुल म्हणत असाल तर ठीक आहे, आहे मी माइंडफुल. आणि तिथेच मला घागर आठवली. आजीकडे नळ वाड्यात खाली, सार्वजनिक, वर जेवढं चढवाल तेवढंच पाणी, म्हणजे प्यायचं माप ती घागर. मी इथे २४ तास नळ असलेल्या घरात तिला माळ्यावर ठेवली होती, दिवाळीला खाली काढायची, चिंच लावून घासायची, परत वर.

म्हणजे मैत्रीण ज्यावरून मला बोलली ते, 'शेवटची वापरलीस कधी', ते काही अगदीच चूक नव्हतं. बरं. म्हटलं मी.

मुळशीहून आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं घागर घेऊया ना बरोबर, पाणी भरून ठेवू. तो काही बोलला नाही. टेप घेऊन गाडीत गेला. त्याने सगळी गाडी ग्राफ पेपरवर काढलीये, चमच्यांना पण जागा आहे त्यात. सिंकखाली ११ इंच. घागर पोटाला १३. मग पलंगाखाली बघितलं, तिथे बॅटऱ्या. मग ड्रायव्हरच्या सीटमागे, तिथे उभी राहिली पण ब्रेक मारला की घरंगळत पुढे येणार. तो अर्धा तास तिथे वाकून मोजत होता, पाठ धरलेली असताना, आणि बाहेर येऊन म्हणाला, दोन इंचांनी गेलं गं. 'टाकून दे' म्हणाला नाही. 'थँक यू म्हण' तर नाहीच. मुलीला विचारलं, ती बंगळूरला वन बीएचकेत, म्हणाली आई फोटो पाठव छान, ठेवू कुठे मी. तिचंही बरोबर आहे. मामेभावाने मेसेज बघितला, उत्तर नाही.

भाड्याने गोडाऊन घ्या म्हणाले काही जण. तीन वर्षं घागर अंधारात ठेवायला महिन्याला पैसे भरायचे, त्यापेक्षा ती वितळून कोणाच्या तरी घरचा तांब्या झालेली बरी. असं मी आज दुपारी काट्यासमोर उभी राहून स्वतःला सांगत होते. आत्ता रात्री तितकंसं पटत नाहीये, पण आता काय.

मिळालेल्या पैशांत येताना दोन पाण्याचे जार घेतले, प्लास्टिकचे, चौकोनी, सिंकखाली बरोबर बसणारे. नवरा खूश. त्यांना पोचा येत नाही, पडले की सरळ फुटतात.

मैत्रिणी, वाचत असशील तर उद्या फोन कर, पण घागरीबद्दल काही बोलू नकोस, आणि येताना तुझ्याकडचे पुठ्ठ्याचे खोके घेऊन ये, म्हणालीस ना आहेत म्हणून.

आणि बाकीच्यांसाठी, गोदरेजचं कपाट द्यायचंय, १९९४ चं, लॉकर चालू आहे, आरसा एका कोपऱ्यात गेलाय. पैसे नकोत. दुसरा मजला, लिफ्ट नाही, चार माणसं तुमची तुम्ही आणायची. रविवारी सकाळी ११ च्या आत, नंतर भंगारवाला येणारे.