हिरव्या कॅप्सूलनं जखम भरत नाही

आमच्या लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘ऑपरेशननंतर किंवा कातडी लावल्यावर हिरवी व्हिटॅमिन ई कॅप्सूल टोचून तेल रोज चोळा. जखम निम्म्या दिवसांत भरते, महिन्यात डाग जातो. व्हिटॅमिनच आहे, अपाय नाही. डॉक्टर हे सांगत नाहीत.’ मी वॉर्डात ड्रेसिंग करते. हे वाचून राग येतो, कारण भोगतो पेशंट.

जखम लवकर भरते म्हणे. मांडीची काढून लावलेली कातडी पहिले दोनेक दिवस खालच्या जखमेच्या ओलाव्यावरच जगते. मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिला जोडल्या जातात. तोवर ती तसूभरही हलू नये, म्हणून पट्टी तशी घट्ट बांधलेली असते. स्टोव्हच्या भडक्यात हात भाजलेल्या एका मावशींच्या सुनेनं तिसऱ्या दिवशी पट्टी सोडून तेल चोळलं, मायेपोटीच. आल्या तेव्हा कातडी ओल्या कागदासारखी एका कडेला गोळा झालेली, कडा काळ्या पडलेल्या. दुसऱ्या मांडीची काढावी लागली. सून दाराशी रडत उभी होती. तिला काय बोलणार?

डागाचं म्हणाल, तर १९९९ साली मायामीत त्वचेचा कॅन्सर काढलेल्या १५ पेशंटांच्या व्रणांवर हे तपासलं गेलं. एकाच व्रणाच्या एका भागावर साधं मलम, दुसऱ्यावर तेच मलम व्हिटॅमिन ई घालून. बहुतेकांना फायदा शून्य, काहींचा व्रण उलट वाईट दिसला. आणि तिघांत एकाला त्या ‘निरुपद्रवी’ व्हिटॅमिननं त्वचेवर अ‍ॅलर्जी उठली.

व्हिटॅमिनं लागतातच. व्हिटॅमिन सीशिवाय कोलॅजन, म्हणजे जखम सांधणारं प्रथिन, नीट बनत नाही, पण सी जखमेला पोचतं रक्तातून. पेरू, आवळा खा. सोबत वरण, अंडी, शेंगदाणे. स्टेरॉइडच्या गोळ्यांमुळे रेंगाळणाऱ्या जखमेत व्हिटॅमिन ‘ए’चा उपयोग दिसलाय, तेही डॉक्टरांनीच ठरवायचं.

आणि डॉक्टर सांगतात की! तंबाखू-गुटखा सोडा, त्यानं रक्तवाहिन्या आकसतात आणि लावलेली कातडी मरते. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल, व्रणावर घट्ट बसणारे दाबाचे कपडे, बोटांचा व्यायाम. व्रण मुरायला वर्ष लागतं, कधी जास्तही. हे ऐकायला कंटाळवाणं वाटतं, म्हणून फॉरवर्ड होत नाही.

त्या मावशी परवा दाखवायला आल्या होत्या. दाबाचा हातमोजा काढून त्यांनी मूठ वळून दाखवली. करंगळी अजून पुरती मिटत नाही.