"भाडं म्हणजे पैसे पाण्यात" म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

गेले काही दिवस सांगलीतल्या एकूणएक ग्रुपवर तो मेसेज फिरतोय, सोसायटीच्या ग्रुपवर आहे, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर आहे, आमच्या भावकीच्या ग्रुपवर तर काकांनी एकाच दिवशी दोनदा टाकला. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेसेज म्हणतो मध्यमवर्ग महागाईनं मरत नाही, सवयींनी मरतो. भाडं म्हणजे पैसे पाण्यात, तेवढ्याच हप्त्यात स्वतःचं घर होतं. मंदीला घाबरू नका, बँका हप्ते माफ करतात, कोरोनात केलेच होते. बाहेरचा चहा-वडापाव बंद करा, डाऊन पेमेंट उभं राहतं. पुण्या-मुंबईत मरण्यापेक्षा सांगलीला या, निम्म्यात भागतं. उरलेले पैसे बँकेत कुजवू नका, पतसंस्थेत ठेवा. आणि सगळ्यात खाली प्लॉट बुकिंगचा नंबर.

आधी ते भाडं बघू. "तेवढ्याच हप्त्यात" असं ज्यानं लिहिलंय त्यानं हप्ता कधी भरलेला नाही. विश्रामबागला मी राहतो त्या बिल्डिंगमध्ये टू बीएचकेचं भाडं १० हजार आहे, तसलाच फ्लॅट विकत घ्यायचा तर ३८ लाख सांगतायत. समजा ३० लाख कर्ज काढलं, २० वर्षं, साडेआठ टक्के, तर हप्ता बसतो २६,०३५. साडेसातनं मिळालं तरी २४ हजाराच्या वरच. हे १० हजाराएवढं कुठनं झालं? बरं साडेआठच्या पहिल्या हप्त्यातले २१,२५० नुसतं व्याज, मुद्दलात जातात ४,७८५. म्हणजे घरमालकाला १० हजार दिले की पाण्यात आणि बँकेला २१ हजार दिले की गुंतवणूक, असला हिशोब आहे हा. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलात तर साडेपंधरा लाखाच्या वर भरून होतात आणि कर्ज कमी होतं साडेतीन लाखाच्या आसपास. मेंटेनन्स, घरपट्टी वेगळीच. घराची किंमत वाढते की, असं काका म्हणणार. वाढते कधीकधी, पण ती विकल्याशिवाय हातात येत नाही आणि राहतं घर कोण विकतंय?

शिवाय हप्ता ठरला म्हणजे ठरला असंही नाही. २०२१ मध्ये पावणेसातनं कर्ज घेतलेल्यांना विचारा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ एवढ्यात रिझर्व्ह बँकेनं रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. ३० लाखाला पावणेसातनं हप्ता होता २२,८११, आणि दर अडीच टक्के वाढून सव्वानऊ झाला की त्याच ३० लाखाचं महिन्याचं नुसतं व्याज होतं २३,१२५, म्हणजे हप्त्याहून जास्त. बऱ्याच बँकांनी हप्ता होता तसा ठेवून मुदत ताणली, लोकांना पत्ताच नाही, स्टेटमेंट काढल्यावर दिसलं की रिटायर झाल्यावर पण हप्ते चालूच आहेत. मग ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं, दर बदलला तर हप्ता वाढवायचा की मुदत हे कर्जदाराला विचारा. ज्यांचं कर्ज चालू आहे त्यांनी जाऊन किती हप्ते उरलेत ते लेखी मागा, २०२५ मध्ये रेपो खाली आला तो तुमच्या खात्याला लागला का तेही बघा, नाहीतर कर्ज अजून जुन्या एमसीएलआरवरच, म्हणजे रेपोला थेट न बांधलेल्या बँकेच्या स्वतःच्या दरावर, अडकलेलं असायचं.

हप्ते माफ वगैरे काही नव्हतं, पुढं ढकलले होते. मार्च ते ऑगस्ट २०२०, आणि त्या सहा महिन्यांचं व्याज चालूच होतं, २ कोटीपर्यंतच्या कर्जाला व्याजावरचं व्याज तेवढं सरकारनं नंतर परत दिलं. तेही महामारी होती म्हणून. कुपवाड एमआयडीसीत ऑर्डर कमी झाल्या म्हणून कुठली बँक थांबत नसते. तिथं मंदी कशी येते माहितीय का, कॉन्ट्रॅक्टवाली पोरं सोडली तर लगेच कुणाला काढत नाहीत, आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग तिसरी शिफ्ट जाते, आणि हातात २४ हजार पडायचे तिथं १७ पडायला लागतात. नोकरी आहे, घरी सांगायला तोंड आहे, पण हप्ता ओव्हरटाइम धरून बसवलेला असतो. भाड्याच्या घरातला माणूस अशा वेळी एक खोली कमीचं घर बघतो आणि निभावतो. हप्तेवाला काय करणार, बेडरूम बँकेला परत देणार?

चहाचा हिशोब तर मी मुद्दाम केला. दिवसाला दोन कट चहा, २० रुपये, वर्षाचे ७,३००. वर सांगितलेल्या ३८ लाखाच्या फ्लॅटला स्वतःचे ८ लाख, सहा टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे ३० हजार धरून साडेदहा लाख आधी लागतात. चहा सोडून ते जमायला १४४ वर्षं. वडापाव पण सोडलात तर ऐंशीएक वर्षात होईल. पझेशन नातवाच्या नातवाला.

खरी बचत कुठं होते सांगू का, आमच्याकडं उन्हाळ्यात वर्षाचा शाळू नि गहू एकदम भरतात, वाळवून, निवडून, कोठीत. लेबल लावलेल्या पिठाच्या पाकिटावर ५ टक्के जीएसटी, सुट्या धान्यावर नाही, आणि भावातपण फरक पडतो. पण त्याला एकदम रोख लागते. ज्याचा सगळा पगार हप्त्यात गेलाय तो दर आठवड्याला दुकानातनं पाच किलोची पिशवी आणतो, महाग पडते हे त्याला कळत नाही असं थोडंच आहे.

आता "सांगलीत निम्म्यात भागतं". घरभाडं पुण्यापेक्षा कमी, मान्य. पण सिलिंडर, पेट्रोल, मोबाईलचा रिचार्ज, गाडीचा हप्ता इथं काय वेगळा लागतो? मिरजेला दवाखाने चांगले आहेत म्हणून लोक लांबून येतात, पण बिल काय निम्म्यात येत नाही. आणि पगार मात्र खरंच निम्म्यावर येतो. वर्क फ्रॉम होमवाला असशील तर ये बाबा, नाहीतर आधी इथली नोकरी हातात घे आणि मग सामान बांध.

आणि स्वस्त घर स्वस्त का आहे तेपण विचारत जावा. कृष्णेची आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटावर गेलं होतं, २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, २००५ चा तर जुन्या लोकांना पाठच आहे. आमच्या ओळखीत एकांनी भाडं कमी म्हणून तळमजला घेतला होता, २०१९ ला पाणी उतरल्यावर दार उघडेना, आत फ्रीज तरंगत येऊन दाराला आडवा पडलेला, गाद्या, पोरांची पुस्तकं, वर्षाचं धान्य, सगळा चिखल. कमी भाड्यानं वाचवलेलं एका आठवड्यात गेलं. भाड्यानं घ्या नाहीतर विकत, २०१९ ला पाणी कुठवर होतं ते घरमालकाला विचारू नका, समोरच्या किराणावाल्याला विचारा.

तो खालचा प्लॉटचा नंबर, त्याचं तर काय बोलायचं. सांगलीत स्वस्त प्लॉट म्हटलं की बहुतेकदा गुंठेवारी. शेतजमिनीचे गुंठे पाडून विकलेले, बिनशेती नाही, कधी नुसता नोटरीचा कागद. २००१ च्या कायद्यानं असले प्लॉट नियमित करता येतात, २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्यांना मुभा मिळाली, पण आज नवीन पाडलेल्याचं काय? नियमितीकरणाचा दाखला नसला तर बँक दारात उभं करत नाही, मग खाजगी सावकार. त्यात शामरावनगरसारख्या भागात काळी माती, पावसाळ्यात पाणी साचतं, पाया भरतानाच प्लॉटची स्वस्ताई निघून जाते.

पतसंस्थेबद्दल सांगलीकरांना मी सांगायची वेळ येऊ नये खरं तर, ठेवी अडकलेलं कुणीतरी प्रत्येकाच्या नात्यात आहे. बँक बुडाली तर ५ लाखापर्यंतच्या ठेवीला विमा आहे, फेब्रुवारी २०२० पासून, सहकारी बँकांना पण. पतसंस्थेला तो नाही. दोन टक्के जास्त व्याजासाठी मंदीच्या तोंडावर घरातली गंगाजळी तिथं ठेवणं मला तरी पटत नाही, चार-सहा महिन्यांचा घरखर्च साध्या बँकेत एफडी करून ठेवा, कुजला तर कुजला.

घर घ्यायलाच नको असं मी म्हणत नाही. दोघांपैकी एकाच्या पक्क्या पगारात, ओव्हरटाइम न धरता, हप्ता बसत असेल तर मंदीत जरूर बघा. बिल्डर फुटाचा रेट सहजासहजी तोडत नाही, तोडला की आधीचे गिऱ्हाईक भांडायला येतात, पण पार्किंग, मीटरचे पैसे, मॉड्युलर किचन यावर घासाघीस होते. बदलत्या दराच्या होम लोनला आधी पैसे भरले तर दंड नाही, बोनस आला की मुद्दलात टाका. आणि राहतं घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, ३८ लाखावर ३८ हजार वाचतात, चहाची पाच वर्षं.